मधल्या दारातल्या कऱ्हाळे मॅडम

आमच्या शिक्षणसंस्थेच्या हिंगोलीच्या कार्यालयात कऱ्हाळे मॅडमचं टेबल दारात होतं. दाराजवळ नव्हे, दारात. आतल्या खोलीत सर्व्हर, बाहेर व्हरांडा, आणि मधे उंबऱ्याला लागून आडवं टाकलेलं टेबल. त्यांना स्वतःला आत जायचं झालं तरी टेबल थोडं सरकवून, पोट आत घेऊन, आडवं होत जावं लागे. मी प्रवेश विभागात कारकून म्हणून नवीन लागलो होतो. नव्या माणसाला सूचना करायची हौस असते, म्हणून मी विचारलं की हे टेबल भिंतीला लावलं तर बरं नाही का होणार.

"होईल की," मॅडम म्हणाल्या. "मग लोक आत येतील."

"आले तर काय होईल?"

"पंख्याची समजून कोणी भलतीच वायर काढंल. कोणी तिथंच मोबाइल चार्जिंगला लावंल. साळवे भाऊ, तुम्हाला काय पाहिजे ते मला सांगा. मी विचारून येते."

हे 'विचारून येते' मी पुढे रोजच ऐकलं. आत माणूस कोणी नव्हतं. दोन यंत्रं होती, आणि कोपऱ्यात जुने भाले आणि थाळ्या होत्या, कारण ती खोली पूर्वी क्रीडासाहित्याची होती. तरी एखाद्या मुलीचा प्रवेश अर्ज अडकला की मॅडम आत जाऊन, आतल्यांचं मत घेऊन आल्यासारख्या बाहेर येत आणि सांगत, "फोटो मोठा झाला, असं म्हणणं आहे." कोणाचं म्हणणं, ते त्या कधी सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "म्हणणं आहे."

मॅडम नांदेडला कॉम्प्युटर शिकलेल्या. नवरा एस. टी.च्या वर्कशॉपात. माहेर शिरड शहापूरचं, हळदीच्या शेताचं. डब्यात बारा महिने ओल्या हळदीचं लोणचं असे आणि जेवण टेबलावरच चाले, कारण टेबल सोडलं तर दार मोकळं पडेल. त्यामुळे त्यांच्या कीबोर्डाची मधली बटणं पिवळी झाली होती. एकदा कंपनीचा माणूस यंत्रं तपासायला आला, त्याला वाटलं की हा काही गंजाचा प्रकार आहे. त्यानं तसं लिहूनही नेलं. मॅडमनी त्याला थांबवलं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. काहीही सांगायच्या आधी त्या एक क्षण गप्प राहत आणि नुसते ओठ हलवत. वाक्य आधी आतल्या आत म्हणून बघत, आणि पटलं तरच बाहेर काढत. सर्व्हरवर काही बदल केला की तो चालू करण्याआधी तपासायची एक आज्ञा असते म्हणे. तपासणी झाल्याशिवाय त्या काही चालू करत नसत. तोंडालाही त्यांनी तीच शिस्त लावली होती. फोनवर समोरच्याला वाटायचं की लाइन कटली.

या शिस्तीचा फायदा आमच्या प्राचार्यांना आणि अधीक्षकांना सर्वांत जास्त झाला. या दोघांचं एका कूलरवरून वाजलं होतं आणि ते एकमेकांशी बोलत नसत. प्राचार्य व्हरांड्याच्या या टोकाला, अधीक्षक त्या टोकाला, मॅडमचं दार बरोबर मधे. निरोप साहजिकच मॅडमकडून जात. प्राचार्य एकदा माझ्यादेखत म्हणाले, "त्या अधीक्षकाला म्हणावं, डोकं ठिकाणावर असेल तर हजेरीपट पाठव." मॅडम त्या टोकाला गेल्या आणि म्हणाल्या, "सर, हजेरीपट पाहिजे होता." अधीक्षक म्हणाले, "त्यांना म्हणावं, पाय मोडले का? येऊन न्या." मॅडम या टोकाला आल्या, ओठ हलवले आणि म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत देऊन राहिले." संध्याकाळी हजेरीपट खरोखर पोचला. पुढे पुढे दोघंही खाजगीत म्हणायला लागले की समोरचा माणूस मनानं वाईट नाही, बोलायला तर फारच नरम आहे. मात्र बोलत कोणीच नव्हतं, आणि कूलर मॅडमच्या खोलीत लागला होता.

आता संस्थेच्या वेबसाइटचं प्रकरण. आमचा प्रवेशाचा प्रोग्राम फार जुना. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला, आणि कोणाची त्याला हात लावायची छाती नव्हती. मॅडम त्या प्रोग्रामला 'म्हातारा' म्हणत. म्हातारा काम चोख करायचा, पण इंटरनेटवर थेट उघडा ठेवण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. कोणीही आडदांड येऊन त्याला पाडला असता. संस्थेनं नवी झकपक वेबसाइट केली, तिच्यासाठी नवं यंत्र घेतलं, आणि संचालक मंडळाला वाटलं की आता म्हाताऱ्याला भंगारात काढावं. मॅडमना बैठकीत बोलावलं. माझ्या हातात चहाचा ट्रे दिला होता, म्हणून मीही होतो.

मॅडमचं म्हणणं होतं की म्हातारा राहू द्या, फक्त त्याला मागं बसवा. पुढं नवं यंत्र राहील, ते येणारी मागणी घेईल आणि मागं धाडेल. अशा मधल्याला प्रॉक्सी म्हणतात. संचालकांपैकी कोणालाच काही कळलं नाही आणि सगळ्यांनी माना हलवल्या. अध्यक्षांनी मात्र मान हलवली नाही. अध्यक्षांची मोंढ्यात हळदीची अडत होती, आणि न कळलेल्या गोष्टीला हो म्हणायची त्यांना सवय नव्हती. मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

"साहेब, मोंढ्यात शेतकरी हळद कुठं उतरवतो?"

"आमच्या दुकानासमोर."

"पैसे घ्यायला खरेदीदाराच्या घरी जातो का?"

"काहून जाईल? आमी बसलो ना मधात."

"तसंच. लेकरू पुढच्या मशीनकडं येईल. पुढची मशीन त्याचं काम मागं म्हाताऱ्याकडं नेईल, उत्तर आणून लेकराच्या हातात ठेवंल. म्हातारा कुठं बसतो, हे लेकराला कळायची गरज न्हाई."

अध्यक्ष एकदम खुलले. "म्हणजे मॅडम, तुमी मशीनला अडतीवर बसवून राहिल्या!"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. ठराव मंजूर झाला. बाहेर आल्यावर अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ही बाई आपल्या मोंढ्यात येईल का.

काम मी डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं होतं काही दिवस चालेल, पण काळ्या पडद्यावर मोजक्याच ओळी होत्या. या पत्त्यावर जी मागणी येईल ती मागच्या यंत्राच्या अमुक दारावर पाठवावी, अशा अर्थाच्या. मॅडमनी त्या लिहिल्या, तपासल्या, चालू केल्या आणि लोणच्याचा डबा उघडला. मी मोबाइलवर प्रवेशाचं पान उघडून पाहिलं. वर नवी वेबसाइट होती आणि आत म्हातारा बसला होता, पण सांधा कुठे दिसत नव्हता. मला खरोखर कौतुक वाटलं आणि मी तसं बोललो. मॅडम म्हणाल्या, "जेवून राहिले मी."

म्हातारा अधूनमधून दमायचा. मग पुढच्या यंत्रावर इंग्रजीत एक रुक्ष सूचना येई आणि लोक कार्यालयात फोन करून आम्हाला झापत. मॅडमनी ती सूचना काढून तिथं मराठीत लिहिलं: 'मागील यंत्र उत्तर देत नाही. समोरच्यावर चिडू नये.' त्यानंतरही लोक फोन करत, पण चढा आवाज उतरलेला असे. गोरेगावच्या एका गृहस्थांनी फार अदबीनं विचारलं होतं की मग चिडायचं कोणावर. मॅडमनी त्यांना सांगितलं, विचारून कळवते.

एवढं सगळं ऑफिसातलं. घरचं मला कळायचं कारण नव्हतं, पण माझी सासुरवाडी शिरड शहापूरची. त्यामुळे पुष्कळदा शनिवारी मॅडम आणि मी एकाच बसनं जात असू आणि त्यांच्या माहेरी चहा पिऊनच मी पुढे जाई. सासरच्या चहापेक्षा तो बरा असे. घरात त्यांचे वडील, नाना, एकटे राहत. आई वारलेली. धाकटा भाऊ गजानन गोरेगावला, बायकोच्या गावी, फवारणीपंप दुरुस्त करायचं दुकान टाकून होता. बाप आणि मुलगा कित्येक वर्षं एकमेकांसमोर उभे राहिले नव्हते. कारण हळदीचं बेणं.

हळद काढली की पुढच्या वर्षीच्या लागवडीचे कंद निवडून बाजूला ठेवतात. तेच बेणं. सावलीला ढीग लावायचा, वर पाला टाकायचा. बाकीचा माल कढईत शिजवायचा, वाळवायचा, मोंढ्यात न्यायचा. नानांचं बेणं त्यांच्या बापाच्या वेळचं होतं. उतारा बेताचा, पण कंदाची शेंग मोडली की आत असा केशरी रंग की बघणारा दुसरी मोडून बघायचा. ते बेणं नानांनी कधी विकलं नाही. पाव्हण्यारावळ्यांना मात्र ओंजळ ओंजळ दिलं. एका वर्षी ऐन हंगामात नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हिंगोलीला दवाखान्यात होते. मागे गजानननं सगळं काम उरकलं. झपाट्यानंच उरकलं. अंगणातल्या कडुलिंबाखाली पाल्यानं झाकलेला एक ढीग राहिलेला दिसला, तो त्यानं मजुरांना सांगून कढईत टाकला.

शिजलेलं बेणं उगवत नाही.

नाना डोळ्याला हिरवी पट्टी लावून घरी आले. उरलेल्या एका डोळ्यानं त्यांनी लिंबाखालची मोकळी जागा पाहिली आणि म्हणाले, "माझ्यासमोर येऊ नको." बाप रागात असं म्हणतोच. दोन दिवसांनी जेवायला हाक मारतो आणि विषय संपतो. पण गजानन त्याच बापाचा मुलगा होता. तो खरोखरच समोर आला नाही. बायको-लेकरं घेऊन गोरेगावला निघून गेला.

तेव्हापासून निरोप मॅडमकडून. नाना म्हणायचे, "त्या बेणंखाऊला म्हणावं, आईच्या वर्षश्राद्धाला आला तरी ठीक, न्हाई आला तरी ठीक." मॅडम गोरेगावला फोन लावून म्हणायच्या, "नाना वाट पाहून राहिले." गजानन म्हणायचा, "पहिले त्यांनी स्वतः म्हणावं. मी काय रस्त्यावर पडलो का?" मॅडम नानांना सांगायच्या, "दुकानात लई काम हाय त्याला. आठवण काढली तुमची." नाना हुं करायचे. या हुंकारावर वर्षं गेली. मी एकदा बसमधे धीर करून म्हणालो, "मॅडम, तुम्ही निरोप धुऊन पुसून देता म्हणून त्यांचं भांडण होत नाही. आणि भांडण होत नाही म्हणून मिटतही नाही."

मॅडमनी ओठ हलवले. मग म्हणाल्या, "खिडकी लावा भाऊ. धूळ येऊन राहिली."

मला राग आला होता. आजही थोडा आहे. पण त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही. नानांना दम लागायला लागला होता. पुढच्या वर्षी शेत दुसऱ्या कोणाला बटईनं देऊन टाकतो, असं ते बोलू लागले होते. आणि गजाननला परत घरी यायचं होतं. तो तसं म्हणत नव्हता, पण फोन ठेवताना दर वेळी विचारायचा, "लिंब हाय ना अजून?"

मग एका उन्हाळ्याच्या अखेरीला तो ऑफिसात आला. मी त्याला प्रथमच पाहत होतो. उंच, वाळलेला, हाताला पंपाच्या तेलाचा वास. त्यानं एक पोतं मॅडमच्या टेबलासमोर उतरवलं आणि तोंड सोडलं. आत हळदीचे कंद. मॅडमनी एक शेंग मोडली. आत तोच केशरी रंग. या वेळी ओठ न हलवताच त्यांनी विचारलं.

"कुठं भेटलं रे?"

"नानांनी आईच्या मावसभावाला दिलं होतं. त्यानं दुसऱ्याला, त्यानं तिसऱ्याला. फिरत फिरत सापडलं एकाकडं, ओंजळभर. गोरेगावात जमिनीचा तुकडा पैसे भरून ठोक्यानं घेतला, तिथं वाढवलं. दोन हंगाम लागले."

"नानांना काय सांगू?"

"माझं नाव सांगू नको अक्का. माझं हाय म्हटलं तर हात न्हाई लावायचे. लागवड तर होऊन जाऊ दे."

मॅडमनी मान हलवली. गजानन पाणीही न पिता जीपला निघून गेला, आणि मॅडमनी ते पोतं आपल्या टेबलाच्या आतल्या बाजूला, जिथं कोणाला जाऊ देत नसत तिथं, सर्व्हरपाशी नेऊन ठेवलं.

शनिवारी पोतं बसच्या टपावर चढवायला मी होतो आणि नानांच्या ओसरीवर उतरवायलाही मीच. नानांनी शेंग नाकाशी नेली, मोडली, उजेडात धरली. मग खाली बसले. म्हातारा माणूस रडताना आवाज करत नाही. नुसतं धोतराच्या सोग्यानं पुन्हा पुन्हा तोंड पुसत राहिले.

"मंदा, हे आपलंच हाय."

"व्हय नाना."

"कुठं भेटलं?"

मॅडमचे ओठ हलले. "भेटलं एकाकडं."

आणि इथून पुढे जे झालं त्याचा कोणालाच अंदाज नव्हता. नानांनी लागवड केली आणि अख्ख्या शिरड शहापुरात सांगत सुटले की माझ्या मंदानं बेणं परत आणलं. बसमधे लोक मॅडमना जागा देऊ लागले. एका पाव्हण्यानं हिंगोलीच्या ऑफिसात येऊन त्यांना नारळ दिला. मॅडम नारळाकडे असं बघत होत्या की जणू तो चोरीचा माल आहे. गावच्या कोणी तरी ही गोष्ट कौतुकानं गोरेगावलाही पोचवली, आणि वर गजाननला विचारलं की बहिणीनं बापासाठी एवढं केलं, तू काय केलंस. गजाननचा फोन आला तेव्हा मी टेबलाशीच उभा होतो. फोनचा आवाज मोठा होता.

"अक्का, तुला नारळ भेटला म्हणे."

"गजू..."

"न्हाई, चांगलं झालं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं बरेच दिवस फोन केला नाही.

याच सुमारास प्रवेश सुरू झाले. शेवटच्या दिवशी सकाळी एकाएकी सगळं बंद पडलं. म्हणजे वेबसाइट दिसत होती, पण आत कोणालाच घेत नव्हती. हिंगोलीतून नाही, सेनगावातून नाही, औंढ्यातून नाही. ज्याला त्याला एकच उत्तर येत होतं: आपण वारंवार चुकीचा पासवर्ड दिल्यामुळे आपणास बंदी घालण्यात आली आहे. ज्या मुलींनी आयुष्यात एकदाही पासवर्ड दिला नव्हता त्यांनाही हेच. अध्यक्षांच्या पुतणीलाही हेच. व्हरांडा पालकांनी भरून गेला. प्राचार्य या टोकाकडून आणि अधीक्षक त्या टोकाकडून आले आणि मॅडमच्या दारात त्यांची गाठ पडली. दोघंही गोंधळले आणि मागे फिरले.

मॅडम आत गेल्या आणि या खेपेस त्यांनी मला बोलावलं. मी प्रथमच त्या टेबलापलीकडे गेलो. पडद्यावर म्हाताऱ्याची नोंद उघडलेली होती. कोण, कुठून, केव्हा आलं, याच्या ओळीच ओळी.

"पत्ता वाचा भाऊ. प्रत्येक ओळीचा पहिला."

मी वाचले. सगळीकडे तोच आकडा.

"हा कोणाचा पत्ता?"

"माझा," मॅडम म्हणाल्या. म्हणजे पुढच्या यंत्राचा.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मला वाटतं त्या स्वतःलाच समजावत होत्या. कोणी पालक सकाळपासून चुकीचा पासवर्ड टाकत बसला होता. म्हाताऱ्याला जुनी शिकवण होती की एकाच ठिकाणाहून फार चुका झाल्या की ते ठिकाण बंद करायचं. त्यानं केलं. पण त्याला ठिकाण एकच माहीत होतं. जिल्ह्यातली सगळी लेकरं पुढच्या यंत्रातून येत होती, आणि पुढचं यंत्र निरोप तेवढा मागं नेत होतं. निरोप कोणाचा, हे सांगतच नव्हतं. त्यासाठी एक ओळ लिहायची असते, ती मॅडमनी लिहिलीच नव्हती.

"म्हाताऱ्याला सगळ्या लोकांच्या जागी मीच दिसून राहिले," त्या म्हणाल्या. "चूक एकाची असो, काम दुसऱ्याचं असो. सगळं माझ्या नावावर."

त्यांनी ती ओळ लिहिली. मूळ विचारणाऱ्याचा पत्ता प्रत्येक मागणीबरोबर मागं जावा, अशी. मागच्या यंत्रावरही एक लिहिली: पुढच्यानं आणलेलं नाव खरं मानावं, पण फक्त त्याच्याच हातून आलेलं, कारण खोटं नाव लावून कोणीही येऊ शकतं. बंदी उठवली. तपासलं, चालू केलं. बाहेर कोणी तरी ओरडलं, "झालं! उघडलं!" आणि व्हरांडा मोबाइलकडे वळला. पडद्यावर आता वेगवेगळे पत्ते उतरू लागले. मॅडम बराच वेळ ते बघत बसल्या. मला वाटलं त्या आनंदात आहेत. मग दिसलं की डोळे भरले होते.

"नाव पुढं पाठवलंच न्हाई मी," त्या म्हणाल्या. या वेळी त्या सर्व्हरबद्दल बोलत नव्हत्या, एवढं मलाही कळलं. त्यांनी फोन उचलला. "गजू, उद्या शिरडला ये. निरोप न्हाई कोणाचा. मी बोलावून राहिले."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं गेलो. माझं त्या दिवशी सासुरवाडीला काही काम नव्हतं, तरी मीही गेलो. नाना ओसरीवर बसले होते. समोरच्या शेतात हळद वर आलेली, पानं हातभर झालेली. मॅडम चपलाही न काढता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाना, बेणं मी न्हाई आणलं. गजूनं आणलं. शोधलं त्यानं, वाढवलं त्यानं. मी नुसतं पोतं उचललं." हे सगळं त्या ओठ न हलवता, एका दमात बोलल्या.

नानांचा चेहरा बदलला तो मला आवडला नाही. "लागवडीच्या आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी फेकून दिलं असतं."

"दिलंच असतं," नाना म्हणाले. कोपऱ्यातली कुदळ उचलून ते शेताकडे निघाले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं आता हा म्हातारा सगळं उपटणार, आणि तेवढ्यात मोटारसायकल येऊन दारात थांबली. गजानन उतरला. त्यानं बापाला कुदळ घेऊन जाताना पाहिलं आणि तिथंच, लिंबाखाली, उभा राहिला. बाप आत ये म्हणाला नव्हता.

नानांनी एका कडेचा कंद उकरला. माती झटकली, बघितला, आणि परत होता तसाच पुरून हातानं माती दाबली. दम लागत होता, म्हणून थांबत थांबत परत आले. गजाननपासून हातभर अंतरावर थांबले, पण त्याच्याकडे बघितलं नाही. मान मॅडमकडे वळवली.

"मंदा, त्याला विचार. परत शिजवणार तर न्हाई ना?"

गजाननही बहिणीकडे बघत म्हणाला, "अक्का, त्यांना सांग..."

मॅडमचं तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "मला बस गाठायची हाय." त्या वेळी बस नव्हती. त्या अंगणातून सरळ बाहेर निघाल्या, मीही मागे निघालो, आणि फाटक लावून आम्ही रस्त्यावर येऊन उभे राहिलो.

त्या पावसाळ्यातच नवऱ्याच्या बदलीमुळे मॅडम लातूरला गेल्या. ऑफिसात त्यांना निरोपाचा नारळ दिला तेव्हा मी रजेवर होतो. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या त्या शिरडच्या रस्त्यावरच्या, कुंपणाला पाठ लावून उभ्या. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, मान जरा कलती. आत कोणीच बोलत नव्हतं. दोन माणसं हातभर अंतरावर उभी होती, आणि मधे आता कोणी नव्हतं. फाटक उघडून पुन्हा आत जाणं मॅडमना जड गेलं असतं, असं मी म्हणणार नाही. न जायलाच जड जात होतं. त्यांचे ओठ हलत होते.

मग आतून नानांचा आवाज आला, दमानं तुटलेला, रागावलेला.

"एवढा वाळला काहून रे तू?"